गूळ काळा दिसला म्हणून सेंद्रिय होत नाही

रंकाळ्यावर सकाळचं फिरणं झालं की आम्ही सात-आठ जण चहाला थांबतो, आणि गेल्या महिन्यात तिथं सेंद्रियच्या विषयावरनं जी जुंपली ती अजून मिटलेली नाही. निमित्त साधंच होतं, एकाने राजारामपुरीतनं सेंद्रिय गूळ आणलेला, नेहमीच्या गुळाच्या दुप्पट भावाचा, आणि तो त्याने आमच्यातल्या एका काकांना दाखवला. काकांची सगळी उमर मार्केट यार्डात गेली. त्यांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "सगळं थोतांड हाय बघा, कागद चिकटवायचा आणि दुप्पट पैसं घ्यायचं." त्यावर एक काकू चिडल्या, "आमच्या घरात नातवंडं हाईत, मी तर हिरवा शिक्का बघूनच घेतो, पैसा गेला तर गेला." तिसऱ्याचं आणि वेगळंच, "आमच्या पाहुण्यांची शेती हाय कागलकडं, सगळं ओळखीतनं येतंय, आम्हाला कशाला पायजे लेबल?" मग काय, चहा गार झाला तरी भांडण चालूच.

तिघंही मनापासून बोलत होते आणि मला तिघांचंही थोडं थोडं पटत होतं, पण घरी येताना वाटत राहिलं की भांडण चुकीच्या प्रश्नावर चाललंय. शुद्ध का भेसळ, खरं का थोतांड, तब्येतीला चांगलं का वाईट, हे सगळे प्रश्न आपण त्या एवढ्याशा शिक्क्याला विचारतोय आणि त्याने उत्तर दिलं नाही म्हणून एक जण त्याला शिव्या घालतो आणि दुसरा त्याच्या पाया पडतो. मी स्वतः ते लेबल पावतीसारखं वाचायला लागलोय. पावती काय सांगते? माल उत्तम आहे असं पावती कधीच म्हणत नाही, पावती सांगते की कुणी, कधी, कशाचे पैसे घेतले आणि उद्या तक्रार असली तर कुठं जायचं. सेंद्रियचं लेबलही तेवढंच सांगतं, की ही जमीन अमुक इतकी वर्षं अमुक पद्धतीनं कसली गेली, ते अमक्याने जाऊन बघितलं, आणि शंका आली तर हा नंबर धरून मागं मागं शेतापर्यंत जाता येईल. एवढंच. पण हे "एवढंच" फार मोलाचं आहे आणि ते सोडून द्यायला मी तयार नाही, हे माझं म्हणणं.

गुळाचंच घेऊ, कारण कोल्हापुरात बसून सेंद्रियवर बोलायचं आणि गूळ वगळायचा हे काय बरोबर नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, तिथनं इथला गुळाचा व्यापार वाढला, आजही दिवाळीच्या पाडव्याला यार्डात नव्या गुळाचे सौदे निघतात, कोल्हापुरी गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. या गुळाचं मोठं गिऱ्हाईक गुजरात आणि तिकडं मागणी पिवळ्याधमक गुळाला. आता रस काहिलीत उकळायला लागला की मळी वर येते, रानभेंडीच्या खोडाच्या चिकट पाण्यानं ती धरून काढायची आणि वर चुन्याची निवळी घालायची ही जुनी रीत, आणि एवढं नीट केलं तरी रंग येतो तो तांबूस, सोनेरी, कधी कधी गडदच. पण भाव रंगावर ठरतोय म्हटल्यावर गुळव्या तरी काय करणार, काहिलीत हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उडवायचं गंधकयुक्त केमिकल, पडायला लागली. त्यानं रंग उजळतो, आणि तोही कायमचा नाही, ठेवून दिला की तोच गूळ परत काळवंडत जातो. कायद्यानं गुळात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ७० पीपीएम घालून दिलीय ती यासाठीच.

लोकांना हे कळलं तसं लोकांनी एक सोपा नियम काढला: पिवळा तो केमिकलचा, काळा तो सेंद्रिय. हा नियम आता इतका पक्का बसलाय की दुकानात काळा गूळ दिसला की माणूस विचारतसुद्धा नाही. पण गूळ काळा व्हायला कारणं किती आहेत बघा. मळी नीट काढली नाही तर काळा, जास्त उकळला तर काळा, ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला तर काळा. जमीन क्षारपड असली तरी काळा, आणि शिरोळकडं जादा पाणी पाजून पाजून किती रानं क्षारपड झाली ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको, तसल्या रानातल्या उसाचा गूळ काळपट तर होतोच, जिभेवर खारट पण लागतो. मग तो काय सेंद्रिय झाला का?

आणि याच्या पुढचा प्रश्न तर जवळपास कुणीच विचारत नाही. काहिलीत पावडर पडली नाही, मान्य. पण ऊस? त्याला युरिया किती पडला, डीएपी, पोटॅश किती, तणाला टू-फोर-डी मारलं का? गुऱ्हाळवाला पाकिटावर "केमिकल फ्री" लिहितो तेव्हा तो खोटं बोलत नाही, त्याच्या गुऱ्हाळात खरंच केमिकल नसतं. फक्त तो बोलतोय काहिलीतल्या अडीच-तीन तासांबद्दल, आणि ऊस त्याआधी रानात बारा ते अठरा महिने उभा होता. सेंद्रिय हा शब्द त्या बारा-अठरा महिन्यांचा आहे, खरं तर त्याच्याही आधीच्या दोन-तीन वर्षांचा. मी स्वतः दोन हंगाम असला गूळ सेंद्रिय समजून घेत होतो, पाकिटावर एक शेतकरी, एक बैलजोडी आणि "नॅचरल" असं मोठ्या अक्षरात, पाठीमागं एक लांबलचक नंबर, मला वाटलं तोच सर्टिफिकेटचा. एकदा चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं की सेंद्रिय किंवा ऑर्गॅनिक हा शब्द त्यावर कुठंच नव्हता, तो मी माझ्या मनानं वाचत होतो.

तो लांबलचक नंबर म्हणजे एफएसएसएआयचं, अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, चौदा आकडी लायसन. ते भडंगाच्या पाकिटावर पण असतं आणि पेढ्याच्या बॉक्सवर पण, त्याचा सेंद्रियशी काही संबंध नाही, खाद्यपदार्थाचा धंदा नोंदवलेला आहे एवढंच ते सांगतं. चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आमच्या काकू ज्याला हिरवा शिक्का म्हणत होत्या तो बऱ्याच पाकिटांवर हाच निघाला, आणि हा गोंधळ त्यांचा एकटीचा नाही, मी चांगल्या शिकलेल्या माणसांना हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून "हे बघ ऑर्गॅनिक" म्हणताना ऐकलंय. "नॅचरल" हा शब्द तर शेतीबद्दल काहीच बोलत नाही, कायद्याच्या भाषेत तो साधारणपणे वरनं काही न घातलेल्या, फार प्रक्रिया न केलेल्या पदार्थासाठी आहे, म्हणजे भरपूर युरिया घातलेल्या रानातला तांदूळसुद्धा त्या अर्थानं नॅचरलच. जीआयचं पण तसंच, आजरा घनसाळला जीआय आहे, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, ते सांगतं की ही वस्तू कुठली आणि तिची खासियत काय, ती कशी पिकवली यात औषधं मारली का नाही हे जीआय सांगत नाही आणि त्यानं ते सांगावं अशी अपेक्षाही नाही.

खरे बघायचे शिक्के तीन. पहिला "जैविक भारत", हा एफएसएसएआयचा, भारतात सेंद्रिय म्हणून पाकिटातनं विकायच्या मालासाठी. त्याच्या जोडीला दोनातला एक, "इंडिया ऑर्गॅनिक" किंवा "पीजीएस-इंडिया". इंडिया ऑर्गॅनिक म्हणजे बाहेरची एक मान्यताप्राप्त संस्था येऊन शेत, वह्या, गोदाम तपासते, ही पद्धत अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, देखरेखीखाली चालते. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांचा गट, कमीत कमी पाच जणांचा, ते एकमेकांच्या रानात जाऊन बघतात आणि एकमेकांची हमी घेतात. इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे कारण ती कुणाला माहितीच नसते: पीजीएसचे दोन शिक्के आहेत, एक पीजीएस-ऑर्गॅनिक आणि एक पीजीएस-ग्रीन. ग्रीन म्हटल्यावर माणसाला वाटतं हा जास्त चांगला, तर उलटं आहे, ग्रीन म्हणजे जमीन अजून बदलतेय, रासायनिक सोडून सेंद्रियकडं निघालीय पण पोचलेली नाही. हंगामी पिकाला पेरणीच्या आधी दोन वर्षं आणि फळबागेला पहिल्या तोडणीच्या आधी तीन वर्षं असा साधारण नियम आहे. त्या मधल्या वर्षांत शेतकऱ्याचं उत्पन्न घटतं आणि भाव साध्या मालाचा मिळतो, म्हणून मी म्हणेन ग्रीनवाला माल मुद्दाम घ्या, फक्त काय घेतोय ते समजून घ्या. बिस्किटं, चिवडा असल्या मिसळीच्या पदार्थांवर ऑर्गॅनिक लिहायचं तर त्यातला किमान ९५ टक्के माल सेंद्रिय असावा लागतो.

एवढं किचकट का, तर हे सगळं आपल्यासाठी बनलंच नव्हतं. एनपीओपी नावाचा सेंद्रिय उत्पादनाचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आहे, ज्यातनं इंडिया ऑर्गॅनिकचा शिक्का मिळतो, तो २००१ पासूनचा, वाणिज्य मंत्रालयाचा, त्याचं गिऱ्हाईक होतं युरोप-अमेरिकेत. लक्ष्मीपुरीत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी डोळ्यासमोर ठेवलंच नव्हतं. देशातल्या ग्राहकासाठीचा नियम २०१७ ला आला आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाला. मधली सोळा-सतरा वर्षं इथल्या बाजारात ज्याला वाटेल त्याने सेंद्रियची पाटी लावली, आणि लोकांचा विश्वास जो उडाला तो त्या वर्षांत उडाला.

आता काकांचा मुद्दा, आणि तो मी हलका समजत नाही. सर्टिफिकेट असूनसुद्धा फसवणूक होते, होय, होते. २०२० मध्ये युरोपात भारतातनं गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड, म्हणजे जंतू मारायचा विषारी वायू, सापडलं, सेंद्रिय म्हणून गेलेला तीळही त्यात होता, आणि पुढं आपल्याकडच्या काही प्रमाणन संस्थांची युरोपातली मान्यता गेली. अमेरिकेनं तर जानेवारी २०२१ मध्ये आपल्या सगळ्या पद्धतीला दिलेली मान्यताच काढून घ्यायचं जाहीर केलं, कारण देखरेख पुरेशी नाही. ही लाजेची गोष्ट आहे, आणि जे प्रामाणिकपणे करतात त्या शेतकऱ्यांचं यात नुकसान झालं. पण मी काकांना एक विचारलं, हे सापडलं कसं? पाटी लावून विकणाऱ्याचं असं कधी सापडलं का? कागद होता, लॉट होता, संस्थेचं नाव होतं, म्हणून कुणाला तरी धरता आलं. रस्त्यावरच्या "शंभर टक्के सेंद्रिय" पाटीवाल्यावर असला आरोप कधी सिद्ध होणार नाही, कारण तिथं सिद्ध करायला काही ठेवलेलंच नाही.

काका शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना मी उसाच्या काट्याचं उदाहरण दिलं. कारखान्याच्या काट्यावर वजन मारतात ही तक्रार आपल्या भागात किती वर्षांची आहे, त्यावर आंदोलनं झाली, रस्ते अडले. पण त्या आंदोलनात कुठल्या शेतकऱ्याने असं म्हटलं का की काटाच नको, डोळ्यानं बघून टनेज ठरवा? मागणी काय झाली, काटे डिजिटल करा, भरारी पथकानं तपासा, बाहेरनं वजन करून आणलेली गाडी मान्य करा. म्हणजे फसवणूक झाली तर मोजायचं साधन जास्त कडक करा, असंच आपण म्हटलं. मग सेंद्रियच्या बाबतीतच एवढ्या लवकर काटा फेकून द्यायला आपण का तयार होतो? जानेवारी २०२५ मध्ये एनपीओपीची आठवी आवृत्ती आली, नियम कडक करायचा प्रयत्न झालाय, तो पुरेसा आहे का हे अंमलबजावणीत दिसेल, पण दिशा हीच असायला पाहिजे.

एक जण म्हणाला, एवढं कशाला, लॅबमध्ये टाका आणि बघा, दूध का दूध. हे ऐकायला बरोबर वाटतं आणि म्हणूनच यावर जरा थांबतो. वनस्पती तूप बाजारात आलं तेव्हा लोक ते साजूक तुपात मिसळून विकायला लागले, डोळ्यानं ओळखता येईना. सरकारनं मग एक साधी गोष्ट केली, वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालणं सक्तीचं केलं, कारण तिळाचं तेल रासायनिक चाचणीत लगेच ओळखू येतं, साखर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर हलवलं की गुलाबी-लाल रंग येतो. तुपात लाली आली की मिसळ सापडली. आता उसाला घातलेल्या युरियाला अशी लाली आहे का? नाही. नत्र शेणखतातनं आलं काय आणि पोत्यातनं आलं काय, मुळं ते जवळपास एकाच रूपात उचलतात आणि बाजारातल्या नेहमीच्या तपासणीत फरक दिसत नाही. कीटकनाशकाचा अंश लॅबमध्ये सापडतो, ते खरं, आणि नियमही आहे की सेंद्रिय मालात तो साध्या मालाच्या कमाल मर्यादेच्या ५ टक्क्यांपर्यंत किंवा यंत्राला मोजता येईल तेवढाच, दोन्हीतलं जे जास्त असेल तिथपर्यंतच चालतो. पण अंश न सापडणं म्हणजे सेंद्रिय शेती नव्हे, औषध मारून बराच काळ गेला असला तर अंश सापडणारही नाही. म्हणून सेंद्रिय ही गोष्ट मालात शोधून भागत नाही, ती रानात जाऊन, वही बघून, दोन-तीन वर्षं लक्ष ठेवूनच सांगता येते. लेबल पाहिजे ते याचसाठी.

ओळखीतनं घेणाऱ्यांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो, कारण आपलं गाव चालतंच त्यावर. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून फेसाळ पेला हातात देतात, तिथं कुठलं लेबल लागतंय? डोळ्यासमोर धार काढली, पाणी घालायला जागाच नाही. पण त्याच म्हशीनं काय खाल्लं, तिला गेल्या आठवड्यात कसलं इंजेक्शन दिलं, हे कट्ट्यावर उभं राहून दिसत नाही. डोळ्याला दिसतं तेवढ्याची हमी डोळा देतो, पुढची नाही. ओळखीच्या शेतकऱ्याचंही तसंच आहे. तो तुम्हाला फसवणार नाही हे मी मान्य करतो, पण तो स्वतः सेंद्रिय कशाला म्हणतो हे तुम्ही कधी विचारलंय का? काहींना वाटतं युरिया घातला तरी औषध मारलं नाही म्हणजे सेंद्रिय, काही म्हणतात शेणखत घातलंय म्हणजे सेंद्रिय, वर थोडा युरिया पडला तर काय बिघडतंय. यात लबाडी नाही, शब्दाचा अर्थच प्रत्येकाचा वेगळा आहे.

गुजरीत सोन्याचं हेच झालं. पिढ्यान् पिढ्या आपला सोनार ठरलेला, आजीनं ज्याच्याकडनं पाटल्या केल्या त्याच्याच नातवाकडनं आपण मंगळसूत्र केलं, आणि हॉलमार्क आलं तेव्हा किती जणांना ते अपमानासारखं वाटलं. २००० सालापासून ते ऐच्छिक होतं, जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा नंबर आला. लहान सोनार मरेल अशी ओरड झाली, आणि ती खोटी नव्हती म्हणूनच वर्षाला ४० लाखांपर्यंतची उलाढाल असणाऱ्याला सूट मिळाली. आज काय झालं? सोनाराशी नातं तुटलं का? उलट गावाबाहेर मोडायला गेलो तर आपलं सोनं आपल्या शब्दाशिवाय उभं राहतं. ओळख होती तिथं ओळख राहिली, आणि जिथं ओळख पोचत नाही तिथं नंबर पोचला. कोल्हापूर आता तेवढं लहान राहिलेलं नाही, फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, बाहेरगावाहून नोकरीला आलेल्या पोरीला कागलचे पाहुणे कुठनं आणायचे?

राहिला लहान शेतकरी. बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट एकट्या दीड एकरवाल्याला परवडत नाही, दर वर्षी फी, तपासणी, वह्या, शेजारच्या रानातनं फवारा उडून येऊ नये म्हणून सोडायची पट्टी. आपल्याकडं रानं एकमेकाला चिकटलेली, सोडायला पट्टी आणायची कुठनं? त्यामुळं जो खरा सेंद्रिय करतो तो कागदाशिवाय राहतो आणि ज्याच्याकडं भांडवल त्याच्याकडं शिक्का, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. कायद्यानं यावर एक वाट ठेवलीय, लहान शेतकरी किंवा त्यांचा लहान गट आपला माल थेट ग्राहकाला विकत असेल तर सर्टिफिकेटची सक्ती नाही, मात्र मग जैविक भारतचा शिक्काही वापरता येत नाही. आणि दुसरी वाट पीजीएस, तिचा खर्च फार थोडा.

पीजीएसबद्दल माझ्याही मनात शंका होती, शेतकरीच शेतकऱ्याची हमी घेणार तर झाकाझाकी होणार की. म्हणून गेल्या थंडीत राधानगरीकडच्या एका गटाची पाहणी असताना मी बरोबर गेलो. सात जण होते, चहा-पोहे झाले, आणि मला वाटलं आता फोटो काढून घरी जातील. तर त्यातल्या एकाच्या भाताच्या खाचराला लागून भावकीतल्याचा ऊस, वरच्या अंगाला, आणि त्यात तणनाशक मारलेलं, बांधावरचं गवत पिवळं पडलेलं दिसत होतं. गटातल्या एक मावशी खाली बसल्या, गवत उपटून बघितलं आणि म्हणाल्या, "हे वरचं पाणी तुझ्यात उतरलंय, ह्या चार ओळी ह्या वर्षी सेंद्रियमध्ये धरायच्या न्हाईत." तो माणूस चिडला, मी कुठं मारलं म्हणाला, त्याचंही बरोबरच होतं. पण त्या हटल्या नाहीत, कारण एकाचं खोटं निघालं तर सातही जणांचा शिक्का जाऊ शकतो. शेवटी वहीत तसं लिहिलं गेलं आणि त्यानं सही केली. बाहेरचा इन्स्पेक्टर वर्षातनं एकदा येतो, त्याला ते पिवळं गवत दिसलं असतं का? दिसलं असतंही, सांगता येत नाही. पण मावशींना ते दिसलं कारण त्या रोज त्याच वाटेनं जातात.

आता तब्येतीचं. इथं मला काकूंची निराशा करावी लागते. सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही असं नाही, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रियमध्ये ठरावीक मर्यादेत चालतं, गंधक चालतं, निंबोळी अर्क तर चालतोच. जीवनसत्त्वं जास्त असतात म्हणावं तर अभ्यास एका बाजूचे नाहीत, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र बघून सांगितलं की पोषणात ठळक फरक दिसत नाही, कीटकनाशकाचे अंश मात्र सेंद्रियमध्ये कमी, आणि २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटानं म्हटलं की अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम कमी. यातनं "सेंद्रिय खा, कॅन्सर टाळा" असलं वाक्य निघत नाही, आणि जो दुकानदार ते म्हणतो त्याच्याकडनं मी घेत नाही. सेंद्रिय साखर ही साखरच आहे, डायबेटिस असलेल्याला सेंद्रिय गुळाचा लाडूही तेवढाच घातक.

मग दुप्पट पैसे कशाला द्यायचे? मी देतो ते दुसऱ्या कारणासाठी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. आपण सेंद्रियवर बोलताना सारखं आपल्याच ताटाचं बोलतो, आपल्या पोटात किती गेलं, आपल्या पोरांना काय झालं. पण माझ्या ताटात येईपर्यंत त्या औषधाचा अंश राहतो कणभर, आणि पाठीवर पंप घेऊन, तोंडाला नुसता टॉवेल बांधून चालणारा माणूस ते दिवसभर श्वासात घेतो. सेंद्रियच्या लेबलमागची खरी गोष्ट तिथली आहे, त्या माणसाची आणि त्या मातीची. तब्येतीचा फायदा सिद्ध झाला नाही म्हणून लेबल फोल, हा युक्तिवाद मला म्हणूनच अपुरा वाटतो, त्यात फक्त खाणाऱ्याचा हिशोब केलाय.

हे सगळं डोक्यात असताना परवा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो, ओळखीचेच आहेत, पावडर वापरत नाहीत. म्हटलं, दादा, पाकिटावर "केमिकल फ्री" असं मोघम नको, दोन ओळी लिहा. एक, काहिलीत काय घातलं. दोन, ऊस कुणाचा, त्याला काय घातलं, आणि रान कुणी बघून गेलं का. ग्राहक काय समजायचं ते समजेल. त्यांनी चुलवाणात चिपाड सारता सारता ऐकून घेतलं. म्हणाले, "पहिली वळ आजच लिहितो, मला काय भ्या न्हाई. दुसरी लिहायची तर तसा ऊस आणायला पायजे, आणि तसा ऊस पिकवणाऱ्याला कारखान्यापेक्षा टनाला जादा द्यायला पायजे. तुम्ही घेणार काय त्या भावानं?"

मी हो म्हटलं आणि दहा किलोची आगाऊ नोंद करून आलो. ते म्हणाले एकट्याच्या दहा किलोवर काहील चढत नाही, निदान पन्नास घरं पाहिजेत. उद्या रंकाळ्यावर आधी काकांनाच विचारतोय.